निळ्या केबलच्या या टोकाला

रात्रीचे साडेदहा वाजलेत. बँकेच्या शाखेचं शटर अर्ध्यावर ओढलंय, एसी बंद, आणि मागच्या खोलीतल्या रॅकसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून एक तरुण इंजिनिअर उकिडवा बसलाय. रॅकमधल्या सिस्कोच्या जुन्या राउटरला गेली कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही. पासवर्ड ज्याला ठाऊक होता तो केव्हाच नोकरी सोडून गेला. अशा वेळी काय करायचं हे क्लासमध्ये शिकवलेलं असतं. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पहिल्या साठ सेकंदांच्या आत कीबोर्डवरचं ‘ब्रेक’ बटण दाबायचं. मग राउटर अर्धवट जागा होतो आणि पासवर्ड न विचारता बोलायला लागतो. इंजिनिअर स्विच मारतो, पंखे घरघरतात, पडद्यावर अक्षरं पळू लागतात. तो कीबोर्डवरून नजर फिरवतो. एस्केप आहे, डिलीट आहे, आवाज कमी-जास्त करायची बटणं आहेत, हल्लीचं ते एआयचं बटणही आहे. ब्रेक नाही.

लॅपटॉपवर विंडोज असावं, लिनक्स असावं की सरळ मॅक घ्यावा, हा वाद ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तासन्‌तास चालतो. त्यात बॅटरी येते, किंमत येते, थोडी मिरवण्याची हौसही येते. राउटरचं काम करणाऱ्यांना मात्र या वादाचं उत्तर अशाच कुठल्यातरी मागच्या खोलीत, इंटरनेट बंद असताना शोधावं लागतं. इंटरनेट बंद असताना हे महत्त्वाचं, कारण बिघडलाय तो राउटरच. गूगल करायची सोय नाही, ड्रायव्हर उतरवून घ्यायची सोय नाही. लॅपटॉपमध्ये जे आधीपासून आहे, तेवढंच हाताशी.

घरातला वायफायचा डबा आपण मोबाइलवरून किंवा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून लावतो. बँका, कारखाने, कॉलेजं आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे राउटर वेगळे. कोरा करकरीत राउटर खोक्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला पत्ता नसतो, पडदा नसतो, कीबोर्ड तर नसतोच. त्याच्याशी पहिलं बोलणं होतं ते कन्सोल पोर्टमधून. सिस्कोच्या राउटरबरोबर येणारी चपटी, फिकट निळी केबल या धंद्यातल्या कुणीही अंधारात ओळखावी. तिच्या एका टोकाला टेलिफोनच्या पिनेसारखी दिसणारी पण थोडी रुंद पिन, दुसऱ्या टोकाला नऊ काट्यांचा जुना सिरीयल पोर्ट.

या पोर्टवर जी भाषा चालते तिचं मानक, म्हणजे आरएस-२३२, अमेरिकेत १९६० मध्ये ठरलं. मोडेम आणि टेलिप्रिंटर जोडायला ते केलेलं होतं. नऊ काट्यांची बारकी आवृत्ती आयबीएमच्या पीसी-एटीबरोबर १९८४ मध्ये रुळली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टॅनफर्डच्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी सिस्को काढली. तेव्हापासून राउटर हजारपट वेगवान झाले, कन्सोल मात्र अजून शहाण्णवशे बॉडवर अडलाय. सेकंदाला ९,६०० बिट, एका अक्षराला आगेमागे धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. या नळीतून राउटरचं सोळा एमबीचं सॉफ्टवेअर चढवायचं तर जवळपास पाच तास लागतात. तरीही हीच वाट सगळ्यात भरवशाची, कारण बाकी सगळं बंद पडलं तरी ती उघडी असते.

अडचण लॅपटॉपच्या बाजूला आहे. नऊ काट्यांचा पोर्ट लॅपटॉपवरून नाहीसा होऊन जमाना झाला. मधे एक यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा खरा कस त्या वितभर वायरीत लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा कन्व्हर्टर मागितला की दुकानदार दोन-चार प्रकार काउंटरवर टाकतो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आतली चिप मात्र स्कॉटलंडच्या एफटीडीआयची असू शकते, तैवानच्या प्रॉलिफिकची, चिनी सीएच-३४० जातीची, किंवा यांपैकी कुणाची तरी नक्कल. नक्कल भरपूर खपते.

नकलेवर कंपन्यांनी काढलेला राग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कसा फुटतो, याचा नमुना ऑक्टोबर २०१४ मध्ये जगभर दिसला. एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून गुपचूप लोकांच्या संगणकांत उतरला. समोर बनावट चिप आली की हा ड्रायव्हर तिच्यातला ओळख क्रमांक पुसून शून्य करायचा. कन्व्हर्टर त्या क्षणापासून मुका व्हायचा, दुसऱ्या संगणकाला लावला तरी मुकाच. ज्यांनी दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजले होते त्यांना आपल्या चिपची जात कशी कळणार? आरडाओरडा झाला, ड्रायव्हर मागे घेतला गेला. पुढे लिनक्सच्या कर्नलमध्ये एक छोटी भर पडली, ओळख क्रमांक शून्य झालेल्या चिपही ओळखून घ्या अशी, आणि तिचं नावही ‘ब्रिक’ म्हणजे वीट झालेली असंच ठेवलं गेलं. दोन जगांच्या स्वभावातला फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

प्रॉलिफिकने वेगळी वाट धरली. जुन्या आणि बनावट चिपना त्यांचा नवा ड्रायव्हर नुसता नकार देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ ही जोडी पाहिली नाही असा नेटवर्क इंजिनिअर विरळा. उपाय म्हणजे ड्रायव्हरची जुनी आवृत्ती शोधून टाकायची. ती टाकली, काम झालं, आणि महिन्याभराने विंडोज अपडेटने पुन्हा नवी बसवली, हा खेळ अनेकांनी खेळलाय. म्हणून अनुभवी माणसं पेन ड्राइव्हवर तो जुना ड्रायव्हर बाळगून असतात, मसाल्याच्या डब्यात हिंगाची डबी असावी तसा.

लिनक्समध्ये या सगळ्या चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. कन्व्हर्टर खुपसला की ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ नावाचं उपकरण समोर हजर. काही टाकायचं नाही, रीस्टार्ट नाही. मात्र लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत सीएच-३४० चिपचा कन्व्हर्टर लावला की तो क्षणभर दिसायचा आणि गायब व्हायचा. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पट्टीसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम, ही आपलीच पट्टी आहे असं समजून त्याचा ताबा घेत होता, कारण काही ब्रेल पट्ट्यांतही तीच चिप असते. कारण समजलं की उपाय एका ओळीचा, पण समजेपर्यंत केबल बदल, पोर्ट बदल, राउटरवर संशय घे, असं सगळं करून होतं. आणि लिनक्सवर अगदी पहिल्या दिवशी ‘परवानगी नाही’ हा संदेश ठरलेला. वापरकर्त्याचं नाव ‘डायलआउट’ या गटात घातलेलं नसतं. फोनच्या मोडेमवरून इंटरनेट लावायच्या काळातलं ते नाव अजून टिकून आहे.

मॅकवर हल्ली बऱ्याच चिप आपोआप चालतात. तिथे त्रास सुरू होतो तो पोर्टांच्या मोजणीपासून. निळ्या केबलसाठी एक डोंगल, नेटवर्कच्या केबलसाठी दुसरं. त्यातलं एक घरी राहिलं की काम संपलं. अर्थात हल्लीच्या सडपातळ विंडोज लॅपटॉपांचीही तीच कथा, तेव्हा एकट्या ॲपलला बोल लावण्यात अर्थ नाही.

केबल लागली, आता बोलायचं कशातून? विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल सोबतच यायचं. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं आणि ती जागा सायमन टॅटम या ब्रिटिश प्रोग्रामरच्या ‘पुटी’ने भरून काढली. १९९९ पासून हा प्रोग्राम फुकट मिळतो, इन्स्टॉल न करताही चालतो आणि आकाराने इतका लहान की मेलमध्ये पाठवता यावा. आपल्याकडे ‘पुटी उघड’ म्हणजे ‘राउटरमध्ये शिर’ असाच अर्थ झालाय. मॅकमध्ये ‘स्क्रीन’ ही आज्ञा आधीपासून असते आणि लिनक्सवर एका ओळीत टाकता येते. तिच्यापुढे उपकरणाचं नाव आणि ९६०० लिहिलं की झालं. मात्र बाहेर पडताना कंट्रोल-ए आणि मग के दाबायचं असतं. नुसती खिडकी बंद केली तर पोर्ट अडकून बसू शकतो आणि पुढच्या वेळी ‘उपकरण वापरात आहे’ असं उत्तर मिळतं.

पुटीची एक उणीव मात्र महागात पडते. तीनशे ओळींचं तयार कॉन्फिगरेशन कन्सोलवर एकदम पेस्ट केलं की राउटर गडबडतो, मधली अक्षरं गिळतो आणि एखादा आयपी पत्ता एक आकडा कमी होऊन बसतो. टेरा टर्म किंवा पैसे देऊन घ्यावं लागणारं सिक्युअर सीआरटी यांत दोन ओळींमध्ये थोडा दम घ्यायला सांगता येतं. पुटीत ती सोय नाही. कॉन्फिगरेशन वर्डमधून कॉपी केलं असेल तर आणखी गंमत. साधी अवतरण चिन्हं वर्डने वळणदार केलेली असतात, आडवी रेघ लांब केलेली असते, आणि राउटर ती ओळ नाकारतो. डोळ्यांना चूक दिसतच नाही.

राउटरला पत्ता मिळाला की निळी केबल सुटते आणि नेटवर्कवरून, एसएसएचने काम सुरू होतं. फिनलंडच्या टाटू युलेनेनने १९९५ मध्ये आणलेली ही कुलूपबंद वाट. विंडोजमध्ये तिचं साधन २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून आपोआप येऊ लागलं. मॅक आणि लिनक्सवर ते आधीपासूनच होतं. इथे एक उफराटा प्रकार घडतो. लॅपटॉप जितका नवा, तितका जुन्या राउटरशी त्याचा संवाद अवघड. ओपनएसएसएच या साधनाने २०१५ मध्ये किल्ल्या ठरवण्याची एक जुनी, कच्ची पद्धत बंद केली, २०२१ मध्ये जुन्या धाटणीच्या सह्या नाकारल्या. २०२२ मध्ये मॅकवर व्हेंच्युरा ही नवी आवृत्ती टाकलेल्या अनेकांना काल चालणारा राउटर आज दारच उघडेना असा अनुभव आला. राउटर तसाच होता, दार लॅपटॉपने लावून घेतलं होतं. सेटिंगच्या फायलीत त्या एका राउटरपुरती सूट लिहून ठेवली की काम होतं. ती सूट सरसकट सगळ्यांना देणारे आळशी लोक असतात, त्यांच्यापासून दूर राहावं. टेलनेट ही त्याआधीची बिनकुलपाची वाट तर ॲपलने २०१७ च्या हाय सिएरामध्ये काढूनच टाकली. विंडोजमध्ये ती कंट्रोल पॅनेलमधून चालू करावी लागते.

फायरवॉलचं प्रकरण विंडोजवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं. लॅपटॉपला हाताने पत्ता लावला, राउटरला पिंग केलं, उत्तर आलं. राउटरवरून लॅपटॉपला पिंग केलं, उत्तर नाही. अर्धा तास केबल आणि पोर्ट तपासण्यात जातो. शेवटी लक्षात येतं की विंडोजने या अनोळखी जाळ्याला ‘सार्वजनिक’ ठरवून बाहेरून येणारं सगळं अडवलंय. टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने राउटरचा बॅकअप लॅपटॉपवर घेतानाही हीच भिंत आडवी येते. ‘फायरवॉल बंद कर ना’ हे वाक्य साइटवर चहा सांगण्याइतकंच ऐकू येतं, आणि ती पुन्हा चालू करायचं कुणी सांगत नाही.

इथवर पारडं लिनक्सकडे झुकलेलं दिसेल. पण राउटर बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची साधनं आली की ते हलतं. लात्वियाच्या रिगा शहरातली मायक्रोटिक ही १९९६ सालची कंपनी. गल्लीबोळात फायबर ओढणारे छोटे इंटरनेटवाले तिच्या स्वस्त आणि मस्त राउटरवर फार विसंबलेले असतात. तिचं विनबॉक्स हे साधन नावाप्रमाणेच वर्षानुवर्षं फक्त विंडोजवर चाललं. लिनक्सवाले ते विंडोजचे प्रोग्राम चालवून देणाऱ्या ‘वाइन’च्या पोटात घालून कसंबसं चालवायचे. विनबॉक्सची खुबी अशी की राउटरला पत्ता नसला किंवा तो चुकीचा बसला तरी नेटवर्क कार्डाच्या मूळ क्रमांकावरून आत शिरता येतं. केबलवाल्याच्या पोराने चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं की हीच खिडकी कामी येते. २०२४ पासून विनबॉक्सची चौथी आवृत्ती लिनक्स आणि मॅकवर थेट चालू लागली, आणि विंडोज ठेवण्याचं एक मोठं कारण कमी झालं. गंमत म्हणजे या राउटरच्या आत लिनक्सच आहे. ज्युनिपरची जुनोस फ्रीबीएसडीवर उभी राहिली, अरिस्टाची सिस्टीम लिनक्सवर, सिस्कोच्या नव्या पिढीच्या आतही लिनक्स. पलीकडच्या टोकाला काय चालतं याचा या टोकाच्या निवडीशी संबंध मात्र कमीच. केबलमधून जातात ती नुसती अक्षरं.

जुन्या यंत्रांच्या वेब पानांचा छळ वेगळा. काहींना जावा लागतं, काहींना फ्लॅश, काही फक्त इंटरनेट एक्सप्लोररला ओळखतात. फ्लॅश २०२० अखेर संपलं, एक्सप्लोररची अकरावी आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त झाली, स्विच मात्र रॅकमध्ये तसाच चालू आहे. अशांसाठी शहाणे लोक लॅपटॉपमध्ये एक आभासी, म्हणजे व्हर्च्युअल, जुनं विंडोज सांभाळून ठेवतात. ते इंटरनेटला कधीच जोडायचं नाही, एवढं पथ्य.

शिकणाऱ्यांचा हिशेब निराळा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं साधन तिन्हीकडे चालतं, त्यामुळे सुरुवातीला कुठलाही लॅपटॉप पुरतो. पुढे जीएनएस-३ किंवा ईव्ह-एनजीमध्ये खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर चालवायचं म्हटलं की प्रोसेसरची जात आडवी येते. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिप आणली. राउटरच्या या सरावाच्या प्रती बहुतेक इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेल्या, त्यामुळे नव्या मॅकवर त्या एकतर चालत नाहीत किंवा रांगतात. पदरमोड करून महागडा मॅक घेतलेल्या विद्यार्थ्याला हे कळतं तेव्हा फार वाईट वाटतं. त्याच्या निम्म्या पैशांत मिळणारा, बत्तीस जीबी मेमरी टाकलेला जुना थिंकपॅड इथे सरस ठरतो.

एकाच वेळी दोनशे राउटरवर बदल करायचा असेल तर अ‍ॅन्सिबलसारखी साधनं लागतात. ती ज्या संगणकावरून चालवायची तो थेट विंडोजचा चालत नाही. त्यासाठी विंडोजच्या पोटातलं लिनक्स, म्हणजे २०१६ मध्ये आलेलं डब्ल्यूएसएल, उपयोगी पडतं. पण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला यूएसबीचा कन्व्हर्टर आपसूक दिसत नाही, तो वेगळा जोडून द्यावा लागतो. म्हणजे स्क्रिप्ट चालवायच्या आतल्या लिनक्सवरून आणि निळी केबल बाहेरच्या पुटीत, असा संसार होतो. अनेकांचा तो वर्षानुवर्षं सुखाने चाललाय.

मत द्यायचंच तर ते असं. लॅपटॉप स्वतःचा असेल आणि काम मुख्यतः राउटरचं, तर लिनक्स टाकावं आणि हट्टी साधनांसाठी आत एक व्हर्च्युअल विंडोज ठेवावं. कंपनीने विंडोज लॅपटॉप दिला असेल, ॲडमिनचे अधिकार आयटी विभागाच्या हाती असतील, तर भांडत बसू नये. साइटवर जायच्या आदल्या दिवशी कन्व्हर्टर लावून बघावा आणि ड्रायव्हरसाठी परवानगी त्याच दिवशी मागावी, कारण रात्री साडेदहाला आयटी विभाग फोन उचलत नाही. आणि यातलं काहीच जमत नसेल तर ओळखीच्या चिपचा, थोडा महागडा कन्व्हर्टर घ्यावा. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता बँकेतल्या त्या मागच्या खोलीत परत. ब्रेक हे खरं तर अक्षर नाहीच. अक्षराला लागतो त्याहून जास्त वेळ तार शून्यावर धरून ठेवणं म्हणजे ब्रेक. पुटीत खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक केलं की खास आज्ञांच्या यादीत तो सापडतो. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-बी, लिनक्सवरच्या मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए आणि एफ. काही लॅपटॉपवर एफएन आणि बी मिळून ब्रेक होतं. इंजिनिअर पुटीतून पाठवतो. काहीच होत नाही. काही स्वस्त कन्व्हर्टर ब्रेक पुढे पोचवतच नाहीत.

मग तो जुनी युक्ती काढतो, सिस्कोनेच लिहून ठेवलेली. पुटीतला वेग ९६०० वरून १२०० वर आणतो, राउटर पुन्हा बंद-चालू करतो आणि स्पेसबार दाबून धरतो. दहा-पंधरा सेकंद. पडद्यावर काहीही दिसत नाही, दिसायचंही नसतं. १२०० च्या चालीने निघालेला प्रत्येक बिट राउटरला आठपट लांब भासतो. स्पेसच्या अक्षरात सुरुवातीचा बिट धरून सलग सहा शून्यं असतात. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस. राउटरच्या हिशेबात अक्षर दहा बिटांत संपायला हवं, ते संपतच नाही, म्हणजे हा ब्रेक. अमुकच ऑपरेटिंग सिस्टीमची, कुठल्याही खास बटणाची गरज नाही.

तो वेग परत ९६०० वर आणतो, एंटर मारतो. पडद्यावर ‘रॉममॉन १’, म्हणजे राउटर अर्धवट जागा झाला. रजिस्टर ०एक्स२१४२ वर नेतो, म्हणजे राउटर जुनं कॉन्फिगरेशन न वाचताच सुरू होईल. रीसेट. राउटर कोरा उठतो, काही विचारतो, त्याला ‘नो’. मग जुनं कॉन्फिगरेशन हाताने आत ओढून घ्यायचं, नवा पासवर्ड घालायचा. पोर्ट सगळे बंद पडलेले असतात, एकेकाला ‘नो शटडाउन’ म्हणत उठवायचं. तिसऱ्या पोर्टचा दिवा हिरवा होतो. रजिस्टर पुन्हा ०एक्स२१०२ वर नेल्याशिवाय निघून गेलं, तर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की शाखा सकाळी पुन्हा बंद. तो ती ओळ लिहितो, सेव्ह करतो, निळी केबल काढून मनगटाभोवती गुंडाळतो आणि वॉचमनला शटरसाठी हाक मारतो.